युद्धाचा व्हिडिओ आला की आधी बाण मोजा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी... या पट्ट्यात ज्या गावातलं कुणीच मिलिटरीत नाही, असं गाव शोधून काढावं लागेल. मराठा सेंटर इथंच, सांबऱ्याला एअर फोर्सचं ट्रेनिंगही इथंच. त्यामुळं सीमेवर काही घडलं की ग्रुपवर पडणारा व्हिडिओ कुणाच्या तरी आईच्या थेट काळजात घुसतो. असले व्हिडिओ बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

मे २०२५ ची गोष्ट घ्या. ऑपरेशन सिंदूरची माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांच्या सासरच्या घरावर, आपल्या गोकाक तालुक्यातल्या कोण्णूरला, हल्ला झाल्याची पोस्ट एक्सवर फिरली. घडलं काहीच नव्हतं. पोलीस अधीक्षकांना पुढं येऊन ते खोटं असल्याचं सांगावं लागलं. त्या पोस्टची बांधणी बघा: नाव खरं, गाव खरं, नातं खरं, आणि मधे एकच थाप. खऱ्याच्या आधारानं ती एक थाप खपून जाते. असल्या थापेला आपल्याकडं धर्माइतकीच भाषाही पुरते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मराठी-कानडी वादावरून महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या बसेस सीमेवर अडकल्या तेव्हा ते सगळ्यांनी बघितलं.

त्याच मे महिन्यात पाकिस्तानी लष्कराच्या प्रवक्त्याचा, दोन विमानं गमावल्याची कबुली देणारा व्हिडिओ आला. जुन्या पत्रकार परिषदेवर एआयनं नवा आवाज चढवून ओठ जुळवले होते. आपल्याकडच्या काही माध्यमांनी त्याची बातमीही चालवली. आर्मा ३ या गेममधली दृश्यं हवाई हल्ला म्हणून फिरली ती वेगळीच. पहलगामनंतर एका जोडप्याच्या नाचाचा व्हिडिओ तिथं मारल्या गेलेल्या अधिकाऱ्याचा शेवटचा व्हिडिओ म्हणून लाखोंनी पाहिला, आणि त्या दोघांना 'आम्ही जिवंत आहोत' असं जगाला सांगावं लागलं.

मीमचं काम आणखी बारीक आहे. युक्रेनच्या बाजूनं २०२२ पासून शिबा इनू कुत्र्याची चित्रं घेऊन रशियन प्रचाराची टर उडवणारी नाफो नावाची टोळी उभी राहिली, आणि त्याच चित्रांवर लढणाऱ्यांसाठी पैसाही जमला. त्याच युद्धात 'कीव्हचं भूत' म्हणून एका वैमानिकाची दंतकथा पसरली. खुद्द युक्रेनच्या हवाई दलानं एप्रिल २०२२ च्या अखेरीस ती दंतकथाच असल्याचं सांगितलं; तोवर तिचं काम झालं होतं. हसणारा किंवा छाती फुगलेला माणूस 'हे कुठलं, कधीचं?' असं विचारत नाही. मीमची खरी ताकद तिथं आहे.

आता तपासायचं कसं. व्हॉट्सॲप मेसेजवर फॉरवर्डचा दुहेरी बाण असला तर तो किमान पाच हातांतून फिरून आलाय, आणि पाठवणाऱ्या दाजींनाही मूळ ठाऊक नाही, हे धरून चाला. व्हिडिओ थांबवून सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन स्क्रीनशॉट काढा. वरची अक्षरं आणि लोगो कापा, नाहीतर शोध त्या अक्षरांवरच भरकटतो. मग गूगल लेन्समध्ये टाका. काही सापडलं नाही तर चित्र आडवं उलटवून पुन्हा टाका, कारण शोध चुकवायला क्लिप मुद्दाम आरशासारखी फिरवलेली असते. आवाज ऐका: पाच किलोमीटरवरच्या स्फोटाचा आवाज यायला १५ सेकंदांच्या आसपास लागतात. लांबवर उजेड आणि त्याच क्षणी धडाका, म्हणजे आवाज नंतर चिकटवलाय किंवा सगळंच बनावट आहे. गूगलचं व्हीओ ३ हे एआय व्हिडिओ बनवणारं साधन आलं तेव्हा एका वेळी ८ सेकंदांची क्लिप देत होतं, म्हणून आठ-आठ सेकंदांचे जोडलेले तुकडे दिसले की शंका घ्या. दुकानांच्या पाट्या वाचा. कानडी आणि मराठी जोडाक्षरांत एआयचा पाय कधीकधी घसरतो. एआयच्या चित्रातली चुकलेली बोटं मोजून बनावट ओळखायचे दिवस मात्र गेले.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चॅटबॉटलाच 'हे खरं का?' विचारणं. मे २०२५ मध्येच एक्सवरच्या ग्रोक या चॅटबॉटनं सुदानच्या खार्टुम विमानतळाचा जुना व्हिडिओ पाकिस्तानच्या नूर खान तळावरचा हल्ला म्हणून सांगितला होता. डीपफेक, म्हणजे एआयनं बनवलेले खोटे चेहरे-आवाज, ओळखणाऱ्या वेबसाइटवरही विसंबू नका. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यात बनावटीच्या बारीक खुणाच पुसल्या जातात.

आवाजाचं प्रकरण जास्त वाईट. रीलमधल्या काही सेकंदांच्या आवाजावरून पोराचा हुबेहूब आवाज तयार होतो. 'आई, जखमी झालोय, पैसे पाठव' असा अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो ठेवा आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर लावा. लागला नाही तर घाबरून पैसे पाठवू नका. ज्याचं उत्तर घरातल्यांनाच ठाऊक असेल असा एखादा प्रश्न आधीच ठरवून ठेवा, म्हशीचं नाव चालेल, पण इन्स्टावर कधी न आलेलं.

आणि वहिनींनो, स्टेटस. १ जानेवारी २०२३ ला पूर्व युक्रेनमधल्या, रशियाच्या ताब्यातल्या माकीव्हकात एकाच इमारतीत उतरलेले रशियन सैनिक युक्रेनच्या हल्ल्यात मारले गेले. ८९ मृत्यू रशियानंच मान्य केले आणि दोष दिला सैनिकांच्या मोबाईल वापराला. 'सुट्टी रद्द, ह्यांना बोलावलं' असं एक स्टेटस किरकोळ वाटतं, पण एकाच तालुक्यातली अशी पन्नास स्टेटस एकत्र करून कुठली युनिट हलतेय याचा अंदाज काढणं आता संगणकाचं चुटकीसरशी काम आहे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातलं लोकेशन निघून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसंच राहतं. आणि मागं स्टेशनचा बोर्ड असेल तर लोकेशनची गरजही नाही. गाडीचं नाव, निघायची वेळ, सोबत किती पोरं गेली, यातलं काहीच टाकू नका. निरोपाचा फोटो जरूर काढा, पण तो पोरगं पुढच्या सुट्टीला घरी आल्यावर लावा.