एक ना धड भाराभर चिंध्या? एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. दोनदा प्राध्यापकांच्या, एकदा गावाकडच्या आणि एकदा चक्क घरच्या ग्रुपवर, जिथे एरवी शुभ सकाळ आणि बारशाचे फोटो सोडून काही येत नाही. घरच्या ग्रुपवर तो टाकला होता माझ्या मावसभावानं. तो कृषी सहायक आहे. मेसेजचा मथळा : ‘बहुविद्याशाखीय संशोधन म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या’. बहुविद्याशाखीय, म्हणजे वेगवेगळ्या विषयांच्या लोकांनी मिळून केलेलं.

मजकूर थोडक्यात असा. खरं संशोधन एकाच विषयात खोल जाऊन होतं. भूकंप, आजार, कीड हे विज्ञानाचे प्रश्न आहेत, तिथे समाजशास्त्रवाल्यांनी लुडबुड करू नये, कारण त्यांच्याकडे असतात ती नुसती मतं. हे सगळं 2020 च्या शैक्षणिक धोरणानं आणलेलं परदेशी फॅड आहे. आणि पुरावा हवा असेल तर ‘मल्टिडिसिप्लिनरी’ नावाची जर्नलं उघडून बघा. खाली जोडलेले हात, आणि ‘मराठवाड्यातल्या प्रत्येक प्राध्यापकापर्यंत पोहोचवा’.

पोहोचला. मी परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, म्हणजे या हिशेबानं लुडबुड करणाऱ्यांतलाच. तेव्हा मुद्दे घेऊन उत्तर देतो. जर्नलांच्या मुद्द्यावर मी हरणार आहे, ते आधीच कबूल.

‘खरं संशोधन एकाच विषयात खोल जाऊन होतं’

खोल जावंच लागतं, त्यात वाद नाही. पण खोल गेल्यावर जे हाती लागेल ते आपल्याच विषयाचं असेल, याची हमी कोण देणार?

वेरूळचा गिलावा घ्या. अजिंठ्याच्या चित्रांचं किडींनी बरंच नुकसान केलंय. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात मात्र किडींचा तसा उपद्रव दिसत नाही. पुरातत्त्व खात्याच्या विज्ञान शाखेत काम केलेले राजदेव सिंग हे रसायनतज्ज्ञ. गिलाव्यात मिसळलेले वनस्पतींचे तुकडे त्यांच्यासमोर होते. पण हे झाड कुठलं, हे ओळखायला झाडं ओळखणारा माणूस लागतो. तो छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातच होता, वनस्पतिशास्त्राचे मिलिंद सरदेसाई. दोघांनी ते तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली आणि इन्फ्रारेड तपासणीत घातले. जालन्याच्या बाजूनं आणि दिल्लीच्या बाहेरून भांगेची ताजी झाडं आणून त्यांच्याशी ताडून पाहिले. निघाली भांगच. 2016 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं. भांगेमुळेच कीड लांब राहिली असावी, हा त्यांचा निष्कर्ष. (बातम्यांचे मथळे काय आले असतील ते सांगायला नको.)

यात कोण उथळ होतं? रसायनवाला त्याच्या जागी खोल, वनस्पतीवाला त्याच्या. आणि अजिंठ्याची ती लेणी पाचव्या शतकातली, वेरूळचा गिलावा त्यानंतरचा, हे कालगणनेचं काम इतिहास आणि कला अभ्यासणाऱ्यांनी आधी करून ठेवलं नसतं, तर ‘मधल्या काळात कारागीर काहीतरी नवं शिकले का’ हा प्रश्न सुचलाच नसता.

‘भूकंप हा विज्ञानाचा प्रश्न आहे’

हे वाक्य मराठवाड्यात बसून लिहायला धाडस लागतं.

किल्लारीचा भूकंप. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून लोक झोपलेले. तीव्रता 6.2. जवळपास दहा हजार माणसं गेली. एवढ्याच तीव्रतेचे भूकंप जगात दरवर्षी कुठे ना कुठे होतात आणि बहुतेकांची आपल्याला बातमीही लागत नाही. मग किल्लारी, सास्तूर भागात इतकी माणसं का गेली?

भूशास्त्राकडे यातल्या एका भागाचं उत्तर आहे. दख्खनचं पठार स्थिर मानलं जायचं, भूकंपाच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. हादरा जमिनीखाली फार खोल नव्हता, म्हणून वर जोरात बसला. पुढे किल्लारीजवळ संशोधनासाठी भोक पाडलं तेव्हा काळ्या पाषाणाचे थर 338 मीटरपर्यंत लागले, त्याखाली जुना ग्रॅनाइटी पाया. हे सगळं मोलाचं आहे आणि ते मला कधीच जमलं नसतं.

पण माणसं काही पाषाणाच्या थरानं मारली नाहीत. ती गेली माळवदाखाली, म्हणजे मातीच्या धाब्याखाली. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, बाहेरून घडीव दगड, आतून घडीव दगड, मध्ये कपच्या आणि माती. वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर मातीचा थर. माळवद गळायला लागलं की पावसाळ्याआधी वर आणखी माती टाकायची. म्हणजे दर दोन-चार वर्षांनी डोक्यावरचं वजन वाढत गेलं, खालची भिंत तीच राहिली. काही घरांत भिंती ढासळल्या, पण लाकडी खांबांचा सांगाडा तसाच उभा राहिला. मग सगळ्यांनी खांबांची घरं का बांधली नव्हती? कारण लाकडाला पैसे पडतात आणि दगड शेजारच्या शिवारात फुकट मिळतो. जाड भिंतीचं घर उन्हाळ्यात गार राहतं, चोराला फोडता येत नाही आणि चारचौघांत वाडा म्हणून मिरवता येतं. आता सांगा, यातला ‘विज्ञानाचा प्रश्न’ कुठे संपतो?

पुनर्वसनात पुन्हा तेच झालं. सर्वाधिक नुकसान झालेली गावं नव्या जागी हलवली. रुंद सरळ रस्ते, सारखे प्लॉट, सिमेंटची घरं. इमारत म्हणून ती घरं पक्की आहेत. पण भावकीची गल्ली मोडली, ओसरी गेली, जनावरं बांधायची कुठे आणि कडबा रचायचा कुठे याचं उत्तर नकाशात नव्हतं. लोकांनी पत्र्याची शेडं मारून ते आपलं आपण काढलं. अभियंत्यासोबत गावात राहिलेला एखादा मानववंशशास्त्रज्ञ तेव्हा बसला असता, तर त्याची लुडबुड उपयोगी पडली असती.

‘समाजशास्त्र म्हणजे नुसती मतं’

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी 82,309 महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक.

हा आकडा डॉक्टरकडे न्या. तो म्हणेल संसर्ग, गाठी, अंगावरून जाणं. बरोबर आहे. पण मग इतक्या कमी वयात, इतक्या जणींना आणि याच धंद्यात का? त्यासाठी ‘कोयता’ म्हणजे काय ते माहीत पाहिजे. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती या जोडीला. एक दिवस काम चुकलं की खाडा लागतो, पैसे कापले जातात. पाळी आली म्हणून बाईनं कोपीत, म्हणजे झोपडीत, पडून राहावं तर दोघांची मजुरी बुडते. फडात संडास नाही, पाणी नाही. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढायचं. अशात कुणी सांगितलं, ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल,’ तर तिला तो हिशेब पटतो. शस्त्रक्रियेला पैसे? पुन्हा उचल.

इथे ‘मत’ कुठलं आणि ‘तथ्य’ कुठलं ते मेसेजवाल्यांनी वेगळं करून दाखवावं. उचलीचा करार हेही आजाराचं कारण आहे, आणि ते रक्ताच्या तपासणीत येत नाही.

‘हे परदेशी फॅड आहे’

यावर फार वेळ घालवत नाही. ज्यांचं नाव छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाला आहे त्या बाबासाहेबांच्या पदव्या अर्थशास्त्राच्या. 1916 मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या वर्गात. दामोदर कोसंबी गणिती. 1944 मध्ये त्यांनी मांडलेलं सूत्र जनुकांचे नकाशे काढताना पिकांच्या पैदासवाले आजही वापरतात, आणि तेच कोसंबी जुनी नाणी तोलून त्यांच्या झिजेवरून इतिहास मांडत होते. तेव्हा 2020 चं धोरण नव्हतं, क्रेडिटही नव्हते.

‘किडीचं कीटकशास्त्रज्ञ बघतील’

भाऊ कृषी सहायक, त्यामुळे हा मुद्दा खास त्याच्यासाठी.

2017 चा हंगाम आठवतो का? गुलाबी बोंडअळीनं मराठवाडा-विदर्भातला कापूस पोखरला तो हंगाम. बीटी, म्हणजे अळीला मारक जनुक घातलेली कपाशी, आली 2002 मध्ये, दोन जनुकांचं बीटी 2006 मध्ये. मग अळी ते पचवायला कशी शिकली? शास्त्र सरळ आहे. सगळीकडे बीटीच लावलं की त्यातून वाचणाऱ्या मोजक्या अळ्यांचीच पैदास वाढत जाते. म्हणून कडेनं साधी कपाशी लावायची, तिच्यावर वाढलेले साधे पतंग या चिवट पतंगांशी जुळले की चिवटपणा विरळ होतो. अमेरिकन बोंडअळीला तूर, हरभरा चालतो. गुलाबी अळी जवळपास कपाशीवरच जगते, म्हणून तिच्यासाठी ही कडेची कपाशी फार महत्त्वाची. तेवढ्यासाठी 450 ग्रॅमच्या बीटी बॅगेसोबत 120 ग्रॅमची साध्या बियाण्याची पुडी यायची.

आमच्या काकांच्या शेतातल्या आखाड्यावर खुंटीला एक पिशवी लटकलेली असायची. मी एकदा खाली काढून पाहिली. आत त्या पुड्या, न फोडलेल्या, वर्षानुवर्षांच्या. मी विचारलं तर काका म्हणाले, ‘‘अळीसाठी कापूस मी का लावू? शेजारचा लावतोय का?’’

या वाक्यात कीटकशास्त्र नाही. एकानं लावलं तर तोटा त्याचा आणि फायदा सगळ्या शिवाराचा, म्हणून कुणीच लावत नाही. सामायिक कुरण, सामायिक पाणी, सामायिक किडीची प्रतिकारशक्ती, गाठ सगळीकडे एकच. ती अभ्यासणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम राज्यशास्त्राच्या, आणि 2009 मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं.

फरदडीचंही, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेल्या कपाशीचंही, तसंच. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, फेब्रुवारीपर्यंत ठेवली तर अळीला पुढच्या हंगामापर्यंत आयतं घर मिळतं, हे कृषी खातं दरवर्षी सांगतं. शेतकऱ्याला ते पाठ आहे. तरी तो ठेवतो, कारण खर्च आधीच होऊन गेलेला असतो, एक वेचणी निघाली तर लग्नसराईत हातात पैसा येतो, आणि पऱ्हाटी उपटायला मजूर लावायचा तर मजुरी द्यावी लागते. डोमकळी, म्हणजे अळीनं न उमलू दिलेलं फूल, कशी ओळखायची याचे फोटो वाटून हा हिशेब बदलत नाही.

‘मल्टिडिसिप्लिनरी जर्नलं उघडून बघा’

बघितली. इथे मी हरलो.

‘इंटरनॅशनल मल्टिडिसिप्लिनरी’ असं नाव, दोन दिवसांत स्वीकृती, फी भरली की प्रमाणपत्र. एकाच अंकात संत साहित्य, शेततळी, कबड्डी आणि ब्लॉकचेन. एका परिषदेच्या अंकात माझ्याच निबंधाची दोन पानं दुसऱ्याच्या नावाखाली छापलेली मला सापडली. तक्रार केली तर संयोजक म्हणाले, ‘‘सर, पुढच्या अंकात तुमचा एक पेपर फ्री घेतो.’’ 2018 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) आपल्या यादीतून 4,305 जर्नलं काढली, ती उगाच नाही. बढतीला गुण आणि पीएचडीला छापील पेपर अशी सक्ती केल्यावर दुकानं उघडणारच. पीएचडीची ती सक्ती 2022 मध्ये गेली, दुकानं आहेत तिथेच.

पण या अंकांत झालेलं काय असतं? दहा विषय एकाच जिल्दीत बांधलेले. कबड्डीवाल्यानं शेततळ्याचा निबंध वाचलेलासुद्धा नसतो. याला चिंध्या म्हणा, माझी हरकत नाही. फक्त त्याला वेरूळच्या कामाचं नाव देऊ नका.

हे सगळं मी आधी मावसभावाला फोनवर ऐकवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘दादा, तो मेसेज मी वाचून टाकला नव्हता.’’ आणि थोड्या वेळानं : त्याच्याकडे तीन हंगामांच्या कामगंध सापळ्यांच्या, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग पकडणाऱ्या सापळ्यांच्या, नोंदी आहेत, कोणत्या गावात कोणत्या आठवड्यात किती पतंग सापडले याच्या. वर कळवून झालं की त्या वह्या कपाटात जातात. माझ्या विद्यार्थ्यांनी त्यातल्याच चार गावांत वेचणीची मजुरी आणि फरदड कोणी ठेवली याची माहिती गोळा केलीय, तीही कपाटातच आहे. येत्या रविवारी तो वह्या घेऊन येतोय. तारखा आठवड्यांच्या हिशेबानं लिहिल्यात की महिन्यांच्या, एवढं तेवढं बघून ठेव म्हणालो.