वाळलं का?

पंक्चर काढायच्या सोल्युशनवर बारीक अक्षरात एक सूचना छापलेली असते. पातळ थर लावा, वाळू द्या, मगच पॅच बसवा. वाचायला साधी आहे, पण माणसाच्या स्वभावाच्या पार विरुद्ध. कारण लहानपणापासून आपल्याला एवढंच माहीत असतं की डिंक ओला असतानाच चिकटवायचा, वाळलेला डिंक म्हणजे वाया गेलेला डिंक. आणि इथे लावून झाल्यावर हात बांधून बसायचं, चांगली पाच मिनिटं. पाच मिनिटं हो! घरात चार माणसं असतील तर प्रत्येकजण दर अर्ध्या मिनिटाने येऊन "वाळलं का?" विचारतो आणि उत्तराची वाट न बघता बोट लावून बघतो. बोटाचं तेल, बोटाची धूळ, सगळं त्या थरावर. की परत घासा, परत लावा, परत बसा.

मी घरात कित्येकदा समजावून सांगितलंय, की बाबांनो, हे सोल्युशन म्हणजे पातळ केलेलं रबरच असतं, पेट्रोलच्या भावकीतल्या एका द्रावकात विरघळवलेलं. तो द्रावक उडून गेला पाहिजे. नाही उडाला आणि वरून पॅच दाबला तर तो आत कोंडतो, आणि थोडं अंतर गेलं की पॅच कडेने सुटायला लागतो. एकदा उडाला की मग राहिलेलं रबर, पॅचच्या खालचं रबर आणि ट्यूबचं रबर यांचं आपापसात जमतं, म्हणजे नुसतं चिकटत नाही, त्यातल्या रसायनांमुळे तिघांचे धागे एकमेकांत बांधले जातात. नवऱ्याने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग फुंकर मारू का?"

फुंकर मारायची नाही. तोंडातली वाफ बसते त्यावर.

अर्थात वाळायची पाळी यायच्या आधीच बरंच रामायण झालेलं असतं. चाक काढा, टायर रिमवरून उतरवा, आणि उतरवायला पाना म्हणून घरात मिळेल ते वापरणारे लोक असतात, स्क्रूड्रायव्हर तर हमखास, त्यामुळे ट्यूबला आधी एक भोक होतं ते आता तीन. मग ट्यूबमध्ये हवा भरून बादलीत बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. हा भाग मात्र मला मनापासून आवडतो, सगळं घर बादलीभोवती गोळा होतं आणि बुडबुडा दिसला की असा काही जल्लोष होतो की पंक्चर ही आनंदाची बातमी आहे असं वाटावं. भोकाभोवती पेनने गोल करून ठेवायचा. नाहीतर ट्यूब पुसून होईपर्यंत भोक गायब, परत बादली. शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी असताना चाक दणकन आपटलंय आणि ट्यूब रिममध्ये चिमटली आहे. आणि भोक व्हॉल्व्हच्या अगदी मुळाशी असेल तर ट्यूबला नमस्कार करायचा, तिथे पॅच बसत नाही. हे वाक्य मी माझ्या सासऱ्यांना आजवर पटवू शकलेले नाही, ते म्हणतात बसतो, नीट बसवला तर.

मग घासणं. पॉलिश पेपरने ट्यूब घासायची म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येतो, आधीच फाटलीय त्यात अजून काय घासता. पण नव्या ट्यूबवर कारखान्यातल्या साच्यातून सुटावी म्हणून लावलेला ओशट थर असतो, तो गेल्याशिवाय काही धरत नाही. चकाकी जाऊन काळसर मळकट दिसायला लागली की पुरे. आणि टायरच्या आतून हात फिरवा, जपून. काटा तिथेच टोचून बसलेला असेल तर तुम्ही ट्यूब कितीही सुंदर दुरुस्त करा, तो वाटच बघतोय.

आमच्या घरच्यांना पाच मिनिटं जड होतात तेव्हा मी त्यांना चार्ल्स गुडइयरची गोष्ट सांगते. साधं रबर उन्हाळ्यात वितळायचं आणि थंडीत कडक होऊन तडकायचं, ते सुधारायच्या नादात या अमेरिकन माणसाने आयुष्याची वर्षं घालवली, कर्जं केली, कर्जापायी तुरुंगातसुद्धा जाऊन आला. 1839 मध्ये गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या शेगडीवर पडलं आणि वितळायच्या ऐवजी कातड्यासारखं चिवट झालं म्हणतात. 1844 मध्ये पेटंट मिळालं, आणि तरीही 1860 मध्ये तो गेला तेव्हा डोक्यावर कर्ज होतंच. त्याच्या नावाची टायर कंपनी निघाली ती 1898 मध्ये, दुसऱ्याच लोकांनी काढलेली. एवढी करुण कहाणी ऐकून मुलगा म्हणाला, "म्हणजे तोपर्यंत वाळलं असेल ना?"

खरा ताप पुढे आहे. एकदा पंक्चर नीट निघालं आणि टिकलं, की घरात तुमची कीर्ती पसरते आणि मग चपला यायला लागतात. अंगठा उपसून आलेली चप्पल, सोल जबडा वासल्यासारखा उघडलेला बूट, कोणाची पावसाळी सँडल. सगळ्यांचं म्हणणं एकच, रबरच आहे की, लाव थोडं सोल्युशन. अहो पण रबर कुठंय? निम्म्या पावसाळी चपला पीव्हीसीच्या असतात, म्हणजे प्लास्टिक. हलक्याफुलक्या फोमच्या त्या ईव्हीएच्या. त्यांच्यावर पंक्चरचं सोल्युशन लावलं तर ते छान वाळतं, छान दिसतं आणि दुसऱ्या दिवशी सालीसारखं अख्खं निघून येतं. त्यांना त्यांचा वेगळा गोंद लागतो. आणि अंगठ्याचं म्हणाल तर तिथे कुठलाच गोंद लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चालताना पावलागणिक तिथेच ओढ बसते, तिथे पट्टा बदलायचा. नवऱ्याने मात्र माझ्यामागे जाऊन ते दोन थेंबांत चिकटणारं औषध लावलं. ते वाळून काचेसारखं कडक होतं, चप्पल वाकली की टचकन तुटतं, आणि अंगठा निघाला तो बरोबर रस्ता ओलांडताना. नवरा एका पायात चप्पल आणि एका हातात चप्पल असा घरी आला, मी काही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती.

खऱ्या रबराचे गमबूट असले तर मात्र मजा आहे. चीर पडलेला गमबूट मी ट्यूबसारखाच घासला, सोल्युशन लावलं, वाळवलं, जुन्या ट्यूबचा तुकडा घासून त्यालाही लावलं, वाळवलं, मग दोन्ही दाबून वर जड पुस्तकं ठेवली. फक्त चीर जिथे बूट दुमडतो तिथे नसावी, असेल तर तुकडा चांगला ऐसपैस कापायचा आणि कोपरे गोल करायचे, टोकदार कोपरा पहिला उचलतो.

सोल्युशनच्या ट्यूबचं एक वाईट आहे, एकदा भोसकली की ती आतल्या आत उडून जाते. झाकण कितीही आवळा. पुढच्या पंक्चरला काढाल तर आत काही नाही, दाबली की नुसता उसासा. म्हणून आता मी लहान लहान सीलबंद ट्यूबा आणते आणि कुठे ठेवल्यात ते कोणाला सांगत नाही.

परवा सासरे गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन आले, शिवणीतून गळते म्हणे. मी म्हटलं, बाबा, ही नाही करणार मी, गरम पाणी भरून पोटावर ठेवायची वस्तू आहे, टाकून द्या. त्यांना ते लागलं. कात्री घेतली आणि व्हॉल्व्हपाशी गेलेल्या सगळ्या ट्यूबा, ज्यांना नमस्कार करून मी माळ्यावर ठेवल्या होत्या, त्या काढून बसले, आणि तासाभरात बोटभर रुंदीची काळी रबरं कापून ढीग केला. आता घरातल्या प्रत्येक डब्याला, वहीला, छत्रीला आणि झाडूला एकेक रबर आहे, आणि माझ्या सोल्युशनच्या डब्याला दोन, म्हणजे डबा सापडलेला आहे.