कंपनी तुमचीच आहे, रिमोट सोडून

स्टाफमध्ये ओनरशिप दिसत नाही असं तुम्हाला वाटायला लागलं असेल तर आधी अभिनंदन, तुम्ही आता खरे साहेब झालात. लोक सहाच्या ठोक्याला बॅग उचलतात, सुट्टीच्या दिवशी फोन घेत नाहीत, पगार मिळतो तेवढंच काम करतात. हे कसं चालेल? आपलेपणा नको का जरा?

तर पहिलं काम, मीटिंग बोलवा. शुक्रवारी, सुटायच्या पाऊण तास आधी. "ही कंपनी माझी नाही, तुमची आहे" हे वाक्य त्यात आलंच पाहिजे, आणि म्हणताना हात छातीवर. कोणी "म्हणजे किती टक्के?" असं विचारलंच तर सगळ्यांत आधी तुम्ही हसा, बाकीचे हसतील, आणि नंतर शांतपणे त्याचं नाव लिहून ठेवा.

फारच गळ्याशी आलं तर ईसॉप आहेच. शेअर द्यायचे नाहीत, उद्या कधीतरी ठरलेल्या भावाने शेअर विकत घ्यायचा हक्क द्यायचा, तोही ४ वर्षांत हप्त्याहप्त्याने, आणि पहिल्या १ वर्षाच्या आत माणूस गेला तर शून्य. बऱ्याच ठिकाणी असंच असतं, त्यामुळे तुम्हाला कोणी नावं ठेवणार नाही. लेटर मात्र जाड कागदावर छापा, घरी दाखवायला बरं पडतं.

आता थोडं शास्त्र. पिअर्स, कोस्टोव्हा आणि डर्क्स या तिघांनी २००१ मध्ये यावर एक पेपर लिहिलाय, त्यात म्हटलंय की एखादी गोष्ट आपली वाटायचे तीन रस्ते. एक, त्या गोष्टीवर आपला ताबा असणं. दोन, ती आतून-बाहेरून माहीत असणं. आणि तीन, तिच्यात स्वतःला ओतणं, म्हणजे आपला वेळ, मेहनत, जीव वगैरे. नीट बघा, पहिल्यात अधिकार द्यावे लागतात, दुसऱ्यात हिशोब दाखवावे लागतात, तिसरा मात्र पूर्ण फुकट आहे! तेव्हा पहिले दोन सोडा आणि तिसऱ्यावर सगळा जोर लावा, रात्री साडेदहाला "जरा बघशील का" असा मेसेज टाकून सुरुवात करता येते.

इथे कोणीतरी अतिशहाणा टोयोटाचं उदाहरण देईलच. तिथे म्हणे लाईनवरचा साधा कामगार गडबड दिसली की दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो, आणि प्रश्न तिथल्या तिथे सुटला नाही तर लाईन थांबते, आणि वर दोरी ओढली म्हणून कोणी त्याच्यावर डाफरत नाही. असल्या गोष्टी स्टाफसमोर बोलायच्या नाहीत. आपल्याकडे दोरी एकच, ती तुमच्या हातात, आणि माऊस बिघडला तर नवा घ्यायला तीन अप्रूव्हल. तिसरं अप्रूव्हल देणारे सर रजेवर असतील तर तोवर कीबोर्डवर भागवावं, त्याने शॉर्टकट पाठ होतात.

चूक झाली की ओनरशिप लगेच वाटून टाका, "याचा ओनर कोण?" असं अख्ख्या टीमला सीसी ठेवून विचारा. काम चांगलं झालं तर विचारू नका, तेव्हा ते आपण केलेलं असतं.

आणि पोस्टर विसरू नका. मी पूर्वी एका ऑफिसात होतो तिथे "मालकासारखा विचार करा" असं भिंतभर पोस्टर होतं आणि बरोब्बर त्याच्याखाली एसीचा रिमोट, पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात, डब्याला इवलंसं कुलूप, चावी ॲडमिनवाल्या सरांकडे, आणि सर बसायचे दुसऱ्या मजल्यावर. आम्ही सगळे स्वेटर घालून मालकासारखा विचार करायचो. शेवटी आमच्यातल्या एकाने खरंच केला, डब्याच्या कडेला वायरीसाठी भोक होतं त्यातून पेनाची रिफिल घालून बटण दाबलं, १८ चे २४ केले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुपारपर्यंत त्याला मेल आला, कंपनीच्या मालमत्तेशी छेडछाड. संध्याकाळी भोकावर टेप, त्यालाही तीनच अप्रूव्हल लागली असणार पण ती एका दिवसात मिळाली, रिफिल आतच राहिली.

तेव्हा शुक्रवारी छातीवर हात ठेवायच्या आधी चावी खिशात आहे ना, तेवढं चाचपून घ्या.