पार्सली म्हणजे विलायती कोथिंबीर नव्हे

‘पार्सली म्हणजे विलायती कोथिंबीर. धण्यासारखी रगडून पेरा, आठवड्यात उगवते. दहा दिवस पाल्याचं पाणी उकळून प्या, किडनी धुऊन निघते, खडे पडतात.’ हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला. गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत दोघींनी तो वाचून बी आणलं, म्हणून लिहिते आहे.

कूळ एकच, हे खरं. गाजर, बडीशेप, ओवाही त्यातलेच. पण धण्यात दोन बिया जोडलेल्या असतात म्हणून आपण ते रगडतो. पार्सलीचं बी सुटं, ओव्याएवढं. शेजारच्या वहिनींनी ते लाटण्याने रगडलं. पोळपाटावर भुगा उरला आणि कुंडीत महिनाभर काही दिसलं नाही. रगडू नका, रात्रभर भिजवा, अगदी वरवर पेरा आणि माती सुकू देऊ नका. तरी उगवायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी कुंडी उकरली की संपलं.

नाशकात दिवाळीच्या सुमारास पेरलेली उत्तम; थंडी तिला मानवते. मूळ खोल जातं, म्हणून कुंडी वीतभर तरी खोल घ्या. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते, तिच्यात शेणखत आणि वाळू मिसळा. आणि जुडीसारखी उपटू नका. बाहेरचे देठ बुडाशी कापा, मधला कोंब राखा, महिनोन्‌महिने पानं मिळतील.

आता किडनी. ती धुवावी लागत नाही. रोज सुमारे १८० लिटर द्रव ती स्वतःच गाळते. उलट पार्सलीत ऑक्झलेट भरपूर, आणि बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. ज्याला खडे आहेत त्यालाच हा काढा पाजायचा? माझे सासरे रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफॅरिन घेतात. १०० ग्रॅम ताज्या पानांत सुमारे १६४० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असतं, म्हणजे दहा ग्रॅममध्येच दिवसाची गरज भागते. एकदम इतकं पोटात गेलं तर त्या गोळीचा असर कमी होतो. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही. गरोदर बाईने तर हा काढा घेऊच नये.

जेवणात चिमूटभर पानं घालायला बहुतेकांना हरकत नाही. मी ती चिरून काकडीच्या कोशिंबिरीत घालते, नाहीतर उकडलेल्या बटाट्यावर लिंबू पिळून. मिसळीवर मात्र कोथिंबीरच; तो वास पार्सलीला नाही.