‘डोळे झाकून लिनक्स’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

वेब होस्टिंगसाठी सर्व्हर निवडायला बसलेल्या नवख्या माणसाला हल्ली एक ठरावीक सल्ला मिळतो : डोळे झाकून लिनक्स घ्या, ते फुकट आहे, त्याला व्हायरस लागत नाही, डिस्ट्रो (लिनक्सचे तयार रूप, जसे डेबियन, उबंटू) कोणतेही घेतले तरी सारखेच आणि एकदा बसवले की वर्षानुवर्षे हात लावावा लागत नाही. मी स्वतः लिनक्सचेच सर्व्हर सांभाळतो आणि बहुतेक संकेतस्थळांसाठी तेच सुचवतो. तरीही या सल्ल्यातला एकही मुद्दा जसा सांगितला जातो तसा खरा नाही, आणि शेवटचा तर घातक आहे.

फुकटपणाचा मुद्दा बराचसा मान्य करता येतो. डेबियन किंवा अल्मालिनक्सला परवाना शुल्क नाही, तर विंडोज सर्व्हरचा परवाना प्रोसेसरच्या कोअरनुसार घ्यावा लागतो आणि एका सर्व्हरमागे किमान १६ कोअर धरले जातात. परंतु ज्याचे अ‍ॅप्लिकेशन मायक्रोसॉफ्टच्या, विंडोजपुरत्या बनवलेल्या जुन्या एएसपी डॉट नेट फ्रेमवर्कवर लिहिलेले आहे, त्याला ते लिनक्सवर नेण्यासाठी कोडचा मोठा भाग नव्याने लिहावा लागतो, आणि तो खर्च परवान्याच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. २०१६ मध्ये आलेल्या, लिनक्सवरही चालणाऱ्या डॉट नेट कोअरपासून ही अडचण नव्या कामांपुरती मिटली. म्हणून आधी अ‍ॅप्लिकेशन पाहावे, मग सर्व्हर.

व्हायरसबद्दलचे विधान घरच्या संगणकावरून उचललेले आहे. संकेतस्थळावरचा हल्ला बहुधा न सुधारलेल्या प्लगइनमधून, कच्च्या पासवर्डमधून किंवा उगाच उघड्या ठेवलेल्या पोर्टमधून येतो. अपलोडच्या फोल्डरमध्ये शिरलेली पीएचपीची फाइल खाली कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे याची पर्वा करत नाही. शिवाय २०१४ मधला हार्टब्लीड हा दोष ओपनएसएसएल या, संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होता आणि त्याची झळ सर्वाधिक लिनक्सच्याच सर्व्हरना बसली.

सगळी डिस्ट्रो सारखीच, हे म्हणणाऱ्याने सेंटओएस ८ या डिस्ट्रोचा अनुभव घेतलेला नसावा. सप्टेंबर २०१९ मध्ये ते आले, २०२९ पर्यंत अपडेट मिळतील या भरवशावर अनेकांनी आपले सर्व्हर त्यावर उभे केले, आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की ते २०२१ च्या अखेरीसच बंद होणार. त्याहून जुने सेंटओएस ७ मात्र ३० जून २०२४ पर्यंत चालले. उबंटूतही हाच फरक आहे : एलटीएस (दीर्घकाळ सपोर्टच्या) आवृत्तीला पाच वर्षे सपोर्ट मिळतो, मधल्या आवृत्तीला केवळ नऊ महिने. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनात पेरलेली चोरवाट उघड झाली, तेव्हा ती डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत पोहोचली होती, स्थिर आवृत्तीपर्यंत नाही. स्थिर आवृत्तीत पॅकेजच्या, म्हणजे एकेका सॉफ्टवेअरच्या, आवृत्तीचे आकडे जुने दिसतात म्हणून तिला कमी लेखणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तिथे सुरक्षेची दुरुस्ती त्या जुन्या आकड्यातच आणून बसवलेली असते.

आता ‘हात लावावा लागत नाही’ याविषयी. एका संस्थेचा सर्व्हर मी तपासत होतो. स्वयंचलित अपडेट चालू होते आणि ओपनएसएसएलचे पॅकेज ताजे होते, त्यामुळे वरवर पाहता सगळे ठीक होते. पण एनजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरच्या मुख्य प्रोसेसने मेमरीत कोणत्या फाइली धरल्या आहेत ते पाहिले, तेव्हा एसएसएलच्या लायब्ररीच्या (ओपनएसएसएलच्या कोडच्या फाइलीच्या) नावापुढे ‘डिलीटेड’ हा शब्द होता. डिस्कवर जुन्या फाइलच्या जागी नवी आली होती, तरी प्रोसेस मात्र सदोष जुनी प्रत घेऊनच येणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देत होता. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले की एनजिनएक्स रीलोड होत असे, म्हणजे आपली सेटिंग पुन्हा वाचत असे, आणि तेवढ्याने सर्व्हिस नव्याने सुरू होते अशी सांभाळणाऱ्याची प्रामाणिक समजूत होती. रीलोडमध्ये मुख्य प्रोसेस तोच राहतो, म्हणून लायब्ररीही तीच राहते. त्यासाठी रीस्टार्टच हवा. कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, गोष्ट याहून अवघड, कारण लाइव्ह पॅचिंगची (चालू कर्नल न थांबवता दुरुस्त करण्याची) सोय नसेल तर नवे कर्नल रीबूट केल्याशिवाय लागूच होत नाही. चारशे दिवसांचा अपटाइम (रीबूटविना सलग चालू असल्याचा काळ) अभिमानाने दाखवणारे अनेक जण मला भेटतात, आणि त्यांच्या सर्व्हरवर चारशे दिवसांपूर्वीचेच कर्नल चालू असेल ही शंका त्यांना शिवलेली नसते.

कोणी मला ऑपरेटिंग सिस्टिम विचारली की मी आधी तीन गोष्टी विचारतो : अ‍ॅप्लिकेशन कशात लिहिले आहे, निवडलेल्या आवृत्तीचा सपोर्ट कोणत्या तारखेला संपतो, आणि अपडेटनंतर सर्व्हिस रीस्टार्ट झाल्या की नाही हे कोण पाहणार आहे. तिसऱ्या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर मिळाले नाही, तर स्वतःचा सर्व्हर न घेता व्यवस्थापित होस्टिंग (ज्यात सर्व्हरची देखभाल होस्टिंग कंपनी करते) घ्या, असेच मी सांगतो.