स्पार्टाची शिस्त कुणाच्या जिवावर? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल मनापासून आभार. प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्स आणि स्पार्टा या दोन शहरराज्यांबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी अथेन्सचं जरा जास्तच कौतुक केलं, गुलाम तिथेही होते, बायकांना तिथे काही किंमत नव्हती, उलट स्पार्टात सगळे नागरिक समान होते, शिस्त होती आणि ती ढिली पडली तेव्हाच स्पार्टा बुडालं.

बायकांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. स्पार्टातल्या मुली मोकळेपणानं धावायच्या, व्यायाम करायच्या, बायकांच्या नावावर जमिनी असायच्या, अ‍ॅरिस्टॉटल तर म्हणतो की जवळजवळ दोन पंचमांश जमीन त्यांच्याकडे होती (आणि त्याला ते अजिबात आवडलेलं नाही!). गुलामांचंही खरंय. इ.स.पू. ४१३ मध्ये स्पार्टाच्या सैन्यानं अथेन्सजवळच्या डेकेलियाला तळ ठोकला तेव्हा अथेन्सचे २०,००० हून जास्त गुलाम पळून गेले, हे अथेन्सच्याच थ्युसिडिडीस या इतिहासकारानं लिहून ठेवलंय. सुखात असलेली माणसं अशी पळून जात नाहीत.

पण समानता? कुणाकुणात? स्पार्टाचा पुरुष ना शेती करायचा ना धंदा, सातव्या वर्षापासून फक्त ट्रेनिंग, मग त्याचं पोट कोण भरायचं? हेलट, म्हणजे स्पार्टानं गुलामासारखे राबवलेले शेतकरी. त्यातले बरेचसे टायगेटस डोंगरापलीकडच्या मेसेनियातले, म्हणजे शेजारचेच ग्रीक लोक, हरले म्हणून स्वतःच्याच जमिनीवर पिढ्यानपिढ्या राबणारे. टिर्टियस हा स्पार्टाचाच कवी, तो सांगतो की ओझ्याखाली पिचलेल्या गाढवांसारखे ते पिकाचा अर्धा वाटा मालकांना आणून द्यायचे. इराणी सैन्याविरुद्धच्या प्लाटियाच्या लढाईत, इ.स.पू. ४७९ ला, इतिहासकार हिरोडोटसच्या हिशोबानं ५,००० स्पार्टन आणि त्यांच्यासोबत ३५,००० हेलट होते, एकामागे सात! आता एवढ्या लोकांना दाबून ठेवायचं म्हटल्यावर शिस्त लागणारच ना. एफर म्हणजे दरवर्षी निवडले जाणारे पाच अधिकारी, ते पदावर आले की हेलटांविरुद्ध रीतसर युद्ध जाहीर करायचे, म्हणजे हेलटाला मारलं तरी पाप लागायला नको.

आणि एक प्रसंग तर मला वाचल्यापासून विसरताच येत नाही. स्पार्टानं जाहीर केलं की युद्धात ज्यांनी सगळ्यात जास्त पराक्रम केला त्या हेलटांनी पुढे यावं, त्यांना स्वातंत्र्य मिळेल. सुमारे २,००० जण निवडले गेले, डोक्यावर फुलांच्या माळा घालून देवळांना फेऱ्या मारून आले, त्यांना वाटलं सुटलो. थोड्याच दिवसांत ते सगळे गायब, कोण कसा मेला हेही कुणाला कळलं नाही. जो आधी पुढे येईल तोच उद्या बंड करेल, म्हणून ही परीक्षा! ज्या शिस्तीचं तुम्ही कौतुक करताय तिच्या पोटात हे आहे, आणि ते वेगळं काढून शिस्त तेवढी ठेवता येत नाही.

बरं, नागरिकांतली समानता तरी टिकली का? तर नाही. प्रत्येक नागरिकाला मेसमध्ये, म्हणजे सामुदायिक पंगतीत, जेवावं लागायचं आणि दर महिन्याला जव, वाइन, चीज, अंजीर असं आपापलं द्यावं लागायचं. ज्याला परवडलं नाही त्याचे नागरिक म्हणून असलेले हक्कच गेले, मग तो लढाईत कितीही शूर असो. जमिनी थोड्याच घरांत गोळा होत गेल्या आणि पूर्ण नागरिक घटत घटत इ.स.पू. ३७१ ला थीब्स या दुसऱ्या ग्रीक शहराविरुद्धच्या ल्युक्ट्राच्या लढाईत जेमतेम ७०० उतरले, त्यातले ४०० पडले. शिस्त तेव्हाही होती हो, माणसंच उरली नव्हती. पुढच्या दोन वर्षांत थीब्सचा सेनापती एपामिनोंडासनं मेसेनिया मोकळा केला, तिथे मेसिनी नावाचं नवीन शहर उभं राहिलं, आणि राबणारे हात गेल्यावर स्पार्टा परत कधी पहिल्यासारखं उभं राहिलं नाही.