वरची ताकद गेली म्हणजे ब्लोअर गेला, हे खरं नाही

सुपरचार्जर, म्हणजेच ब्लोअर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप), लावलेल्या वेगवान बोटींबद्दल एक सल्ला फार फिरतोय. ब्लोअरने तयार केलेल्या जादा दाबाला बूस्ट म्हणतात, तो पीएसआयमध्ये मोजतात. त्याचा मथितार्थ असा: "फुल थ्रॉटलला इंजिन पूर्वीसारखं ओढत नाही आणि बूस्टचा काटा एकदोन पीएसआय खाली दिसतोय, म्हणजे ब्लोअर झिजला. रिबिल्डला पाठवा, नाहीतर छोटी पुली बसवा. बूस्ट पुरेसा असेल तर हवेची बाजू ठीक समजा, आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बरोबर असेल तर इंजिनात काही बघू नका." अमेरिकेत लेक हवासूवर किंवा लेक ऑफ द ओझार्क्सवर बिग-ब्लॉक व्ही-८ (आठ सिलिंडरची मोठी इंजिनं) पळवणाऱ्यांना हा सल्ला हजारो डॉलरना पडू शकतो. छोटी पुली ब्लोअरला जास्त वेगाने फिरवते, ती गोष्ट तर इंजिनाच्या जिवावर बेतू शकते.

सगळ्यात आधी, ताकद खरंच गेली आहे का हे पाहायला हवं. वेग गेला की लोक ताकद गेली म्हणतात. ५२०० आरपीएम, १.५ चा गिअर रेशो आणि २८ इंच पिचचा प्रॉप (दर फेऱ्याला कागदावर २८ इंच पुढे नेणारा पंखा) असेल तर घसर (पाण्यात वाया जाणारी प्रॉपची चाल) शून्य धरून वेग ताशी सुमारे ९२ मैल येतो. जीपीएसवर ८० दिसत असतील तर घसर १३ टक्के, म्हणजे ठीक. पण इंजिन आजही तेच ५२०० गाठतंय आणि जीपीएस ७४ दाखवतोय, तर घसर २० टक्क्यांच्या आसपास गेली. अशा वेळी प्रॉपची वाकलेली पाती, त्याचा घसरणारा हब, बुडाला धरलेलं शेवाळ आणि बोटीत साचलेलं पाणी तपासा. ब्लोअरला हात लावायचं कारण नाही.

आता "ब्लोअर झिजला" या निदानाकडे येऊ. रूट्स किंवा स्क्रू प्रकारचा ब्लोअर दर फेऱ्याला ठरावीक हवा पुढे ढकलतो. रोटर (आतले फिरणारे भाग) आणि केसिंगमधली फट वाढली की दाबलेली हवा तिथून मागे गळते. ही गळती मुख्यतः दाबावर अवलंबून असते, वेगावर फारशी नाही. दाब तोच असेल तर मिनिटाला गळणारी हवा २००० आरपीएमला आणि ५२०० ला जवळपास सारखीच, पण ५२०० ला आत येणारी हवा अडीच पटींहून जास्त. भोक पडलेली बादलीसुद्धा नळ पूर्ण सोडला की भरते, तसंच हे. म्हणून झिजलेला ब्लोअर आधी खालच्या आणि मधल्या आरपीएमला मार खातो, वर गेल्यावर त्यामानाने सावरतो. खालची ओढ दणदणीत आणि बूस्ट फक्त वरती पडतोय, हे लक्षण झिजेच्या बरोबर उलट आहे.

असं लक्षण दिसलं की मी आधी पट्टा बघतो. बूस्ट ४५०० पर्यंत नीट चढतो, मग आरपीएम वाढत असतानाही काटा उतरू लागतो, तर पट्टा घसरतोय असं समजायला भरपूर आधार आहे. वरच्या आरपीएमला नुसता ब्लोअर फिरवायला पन्नासाहून जास्त अश्वशक्ती लागू शकते आणि ती सगळी त्या पट्ट्यातून जाते. पुलीभोवती काळी भुकटी, पट्ट्याच्या चकाकणाऱ्या बरगड्या, पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरची मऊ पडलेली स्प्रिंग, पुढच्या सीलमधून उडणारं तेल, या खुणा टॉर्च घेऊन दहा मिनिटांत दिसतात. (६-७१, ८-७१ या मोठ्या रूट्स ब्लोअरवर असतो तसा दातेरी पट्टा असेल तर हा मुद्दा सोडून द्या, तो घसरत नाही.) त्यानंतर बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे कमी लोडला हवा ब्लोअरभोवती परत फिरवणारी झडप. तो लोडखाली पूर्ण मिटतोय ना, की दांडी अडकून अर्धवट उघडा राहतोय? आणि फ्लेम अरेस्टर, म्हणजे हवेच्या तोंडावरची, ज्वाळा बाहेर पडू न देणारी जाळी. क्रँककेसच्या वाफेतलं तेल त्यावर साचत जातं आणि त्याचा अडथळा जाणवतो तो हवा सर्वात जास्त लागते तेव्हाच, म्हणजे वरती. अरेस्टर आणि ब्लोअरच्या मध्ये व्हॅक्यूम गेज लावून एक फुल थ्रॉटलची फेरी मारली की संशय फिटतो.

सेंट्रिफ्युगल (फिरत्या चकतीने हवा बाहेर भिरकावणाऱ्या) सुपरचार्जरचं गणित आणखी वेगळं. त्याचा बूस्ट ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो, म्हणून आरपीएम ५ टक्के कमी झाले तर बूस्ट सुमारे १० टक्के उतरतो. जड प्रॉपमुळे किंवा घाण झालेल्या बुडामुळे आरपीएम पडले तरी काटा खालीच येणार. इथे बूस्ट कमी होणं हा परिणाम आहे, आणि सल्ला त्यालाच कारण ठरवून मोकळा होतो.

उंचीचंही तसंच. लेक टाहो समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब १४.७ ऐवजी ११.७ पीएसआयच्या आसपास असतो. समुद्रसपाटीला ६ पीएसआय देणारा धडधाकट ब्लोअर तिथे साध्या गेजवर पाचच्याही खाली दाखवेल.

"बूस्ट पुरेसा म्हणजे हवेची बाजू ठीक" हेही चूक. बूस्ट म्हणजे ब्लोअरने ढकललेली पण इंजिनाने अजून न गिळलेली हवा. कॅमचा लोब (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) झिजला किंवा एक्झॉस्टच्या होजचा आतला थर सुटून वाट अडली, तर रूट्स-स्क्रूवर काटा उलट वर जातो आणि ताकद कमी होते. इंटरकूलरमध्ये (दाबलेली हवा पाण्याने थंड करणाऱ्या भागात) वाळू किंवा पाणवनस्पती अडकली तर काटा छान दिसतो, पण हवा तापलेली असते आणि कॉम्प्युटर गुपचूप टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो. मर्क्युरीच्या इंजिनांत तर गार्डियन नावाची संरक्षण यंत्रणाच आहे. तापमान किंवा ऑइल प्रेशर बिघडलं की ती स्वतःहून ताकद कापते. पाना हातात घेण्याआधी स्कॅनर लावून नोंदलेले फॉल्ट वाचा.

आता छोटी पुली. पुली लहान केली की पट्ट्याची तिच्यावरची पकड घटते आणि ओढायचा भार वाढतो. घसरणारा पट्टा मग आणखी घसरतो. दोष इंधनात असेल तर गोष्ट याहून गंभीर. इंजेक्शनच्या इंजिनात इंधनाचं प्रेशर राखणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डकडून एक बारीक नळी जाते, तिच्यामुळे बूस्टइतकंच इंधनाचं प्रेशर वाढतं. ती नळी फुटली तर ४३ पीएसआयच्या जागी ६ पीएसआय बूस्टला इंजेक्टरवर फरक उरतो ३७ चा, आणि इंधन सुमारे ७ टक्के कमी पडतं. टाकीच्या तोंडाशी असलेल्या अँटी-सायफन व्हॉल्व्हमध्ये (टाकीतलं इंधन आपोआप वाहून जाऊ न देणाऱ्या झडपेत) कचरा अडकला तरी फुल थ्रॉटललाच उपासमार होते. अशा इंजिनात जास्त हवा कोंबणं म्हणजे मिश्रण आणखी लीन (हवा जास्त, इंधन कमी) करणं. रस्त्यावरच्या गाडीला पूर्ण लोड काही सेकंद लागतो, बोट तो मिनिटामिनिटांनी ओढते. तेवढ्या वेळात डेटोनेशन (मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट) पिस्टनचं डोकं खाऊन टाकतं. पुली बदलायची असेल तर इंधनाचं प्रेशर फुल थ्रॉटलला मोजून आणि प्लग वाचूनच (काढलेल्या स्पार्क प्लगचा रंग आणि खुणा पाहूनच) बदला. प्लग वाचताना गॅपही मोजा, कारण दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि अशक्त कॉइल फक्त बूस्टखालीच मिसिंग करते.

राहिलं कॉम्प्रेशन. ती चाचणी स्टार्टरच्या वेगाला होते, तेव्हा व्हॉल्व्ह स्प्रिंगची परीक्षाच होत नाही. २.२५ इंचाच्या इनटेक व्हॉल्व्हवर ८ पीएसआय बूस्ट मागून सुमारे ३२ पाउंडांनी रेटतो. मिटलेल्या व्हॉल्व्हवर १२० पाउंड देणाऱ्या स्प्रिंगचे त्यामुळे ८८ च उरतात, आणि स्प्रिंग थकलेली असेल तर त्याहूनही कमी. मग वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जागेवर बसताना उसळतो आणि ताकद तिथेच संपते, कॉम्प्रेशनचे आकडे आठही सिलिंडरना सुरेख असले तरी. हेड न उतरवता, नुसतं व्हॉल्व्ह कव्हर काढून स्प्रिंगचा दाब मोजणारं साधन मिळतं. ब्लोअर खोक्यात भरून पाठवण्याआधी ते एकदा वापरा.